आऊसाहेब, मासाहेब, राजमाता

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दोन गावांच्या नावांपुढे 'राजा' लागतं. सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा. एसटीच्या पाटीवर तसंच लिहितात आणि आता समृद्धी महामार्गावरच्या हिरव्या फलकावरही तसंच आहे. कंडक्टर मात्र नुसतंच 'सिंदखेड, सिंदखेड' ओरडतो. बाहेरच्या पाहुण्यांना गंमत वाटते. गावाला राजा कसं म्हणायचं? पण आम्हाला सवय आहे. या भागात जाधवांचं राज्य होतं, राजे हे त्यांचं बिरुद, त्याची खूण गावांच्या नावांत राहून गेली.

म्हणजे पुरुषांचं बिरुद पाटीवर गेलं. त्याच घरातल्या सगळ्यात थोर मुलीचं बिरुद कुठे गेलं, तर ते लोकांच्या तोंडी राहिलं. आणि ते एक नाही. कोणी जिजाऊ म्हणतं, कोणी आऊसाहेब, कोणी मासाहेब, कोणी जिजामाता, सरकारी पत्रकात राजमाता, मुंबईला गेलं की वीरमाता. दर वर्षी १२ जानेवारीला सिंदखेडला लाखोंची गर्दी होते, तेव्हा एकाच दिवसात ही सगळी बिरुदं कानावर पडतात. आपण ती एकमेकांच्या जागी सहज वापरतो. पण हे शब्द एका काळचे नाहीत, एका भाषेतले नाहीत आणि खरं तर त्यांचा अर्थही एक नाही. बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं. आज जरा सवडीने एकेक शब्द उलगडून बघूया.

सुरुवात 'बाई'पासून करू, कारण तिच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. जिजाबाई, सईबाई, सोयराबाई, येसूबाई, ताराबाई, पुढे अहिल्याबाई. सतराव्या-अठराव्या शतकात हे नुसतं नावाचं शेपूट नव्हतं, तो मान होता. पुरुषाला 'राव' किंवा 'पंत', तशी स्त्रीला 'बाई'. आज शहरात 'आमच्याकडे बाई येते' म्हटलं की धुणंभांडी करणारी, आणि शाळेत 'बाई आल्या' म्हटलं की वर्ग चिडीचूप. एकच शब्द, दोन टोकं. शब्दांचंही माणसांसारखंच असतं, कोणाचे दिवस कधी फिरतील सांगता येत नाही :-)

'राव'ही जाता जाता बघून घेऊ. संस्कृत 'राजन्' प्राकृतातून झिजत झिजत 'राव' झाला. आणि 'जाधव' म्हणजे 'यादव'. मराठीत सुरुवातीच्या 'य'चा 'ज' होतो हे आपण रोज बोलतोच. यात्रेची जत्रा होते, योग्याचा जोगी होतो. देवगिरीच्या यादवांशी आपलं नातं आहे असं सिंदखेडचे जाधवराव सांगत. तेव्हा 'लखुजी जाधवराव' या नावात 'यादवांचा राजा' हा दावा आधीच भरलेला आहे. अशा घरात म्हाळसाबाईंच्या पोटी जिजाबाई जन्मल्या. जन्मदिवस म्हणून १२ जानेवारी १५९८ ही तारीख मानली जाते.

आता 'आऊ'.

आऊ म्हणजे आई. जुना मराठी शब्द आहे, आज बोलण्यातून जवळजवळ गेलेला. पण त्याचे भाऊबंद जिवंत आहेत. कोकणीत आई म्हणजे 'आवय'. कानडीत 'अव्वा'. आमच्याकडे 'माय' चालतं, आणि आश्चर्य वाटलं की 'अव माय!' निघतं. 'जिजाऊ' म्हणजे जिजा अधिक आऊ, साधी बेरीज. रुक्मिणीची रखुमाई झाली, मुक्तेची मुक्ताई झाली, त्याच वाटेने हे नाव झालं. तुकोबांच्या घरीही जिजाबाईच होत्या, आणि वारकरी त्यांना जिजाई म्हणतात. म्हणजे एकाच काळात, एकाच नावाच्या दोन बायका. एकीला 'आई' लागलं, दुसरीला 'आऊ'. एक देहूला कर्जाच्या संसाराशी झुंजत होती, दुसरी पुण्याची जहागीर सांभाळत होती. लोकांनी दोघींच्या नावाला जोडलं ते मात्र एकच नातं.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सभासदाच्या बखरीत शहाजीराजांच्या दोन्ही राण्यांच्या नावांपुढे 'आऊ' येतं. जिजाबाई आऊ आणि तुकाई आऊ. सभासदाने ही बखर राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीच्या मुक्कामी लिहिली. तो शिवाजीमहाराजांच्या दरबारात वावरलेला माणूस. म्हणजे त्या काळच्या बोलण्यात 'आऊ' हे एकट्या जिजाबाईंसाठी राखून ठेवलेलं बिरुद नव्हतं. थोरामोठ्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीला आदराने असं म्हणायची रीत होती. पुढे तुकाई आऊंचं 'आऊ' लोक विसरले, जिजाऊंचं राहिलं. इतकं राहिलं की आज 'जिजाऊ' हे नाव आहे की नाव आणि बिरुद, हे वेगळं काढताच येत नाही. बिरुद नावात विरघळून जाणं याहून मोठा मान मला तरी माहीत नाही.

आऊच्या पुढे 'साहेब' लागलं. हा शब्द अरबीतला. आपल्या डोक्यात साहेब म्हणजे हॅट घातलेला इंग्रज, नाहीतर सहीसाठी ताटकळत ठेवणारा अधिकारी. मूळ अर्थ मात्र 'सोबती'. प्रेषित मुहंमदांच्या सोबत्यांना 'सहाबा' म्हणतात ते याच धातूवरून. पुढे त्याला मालक, धनी असा अर्थ आला. आणि मजा अशी की मराठीतला 'सोबत' हा आपला घरचा वाटणारा शब्दही याच कुळातला, अरबी 'सोहबत'वरून आलेला. साहेब आणि सोबत ही सख्खी भावंडं आहेत! 'आऊसाहेब' म्हणताना आपण नकळत आई आणि सोबतीण असे दोन्ही अर्थ एकत्र आणतो. जिजाबाईंचं आयुष्य बघितलं तर हा योगायोग मला फार आवडतो.

'साहेब' हा शब्द तेव्हा स्त्री-पुरुष दोघांनाही चालायचा. शहाजहानची मुलगी जहानआरा हिला 'बेगम साहेब' म्हणत. विजापूरच्या महंमद आदिलशहाची बेगम, जिच्या कारभारात १६५९ साली अफजलखान निघाला, ती आपल्याकडे 'बडी साहेबीण' म्हणून ओळखली गेली. बेगम हा शब्द तुर्की, 'बेग' या सरदारवाचक शब्दाचं स्त्रीरूप. तेव्हाच्या दख्खनेत दरबारी मानाचे शब्द फारसी-अरबी-तुर्कीतून यायचे आणि नात्याचे शब्द घरचे असायचे. 'आऊसाहेब' ही या दोघांची सोयरीक. अर्धा शब्द माजघरातला, अर्धा दरबारातला.

'मासाहेब'ची घडणही तशीच, फक्त त्यातला 'मा' हिंदी-उर्दू वळणाचा. नाटक-सिनेमांनी आणि मालिकांनी तो घरोघरी पोहोचवला. ऐकायला भारदस्त वाटतो, पण मला विचाराल तर आमच्या मातीतला शब्द 'आऊ'.

आता एक असं बिरुद सांगतो जे कुठल्याच मिरवणुकीत ऐकू येत नाही. जिजाबाईंच्या पत्रांवर त्यांचा स्वतःचा शिक्का आहे, फारसीत. त्यात नाव आहे जिजाबाई आणि ओळख आहे राजा शिवाजी यांची 'वालिदा'. वालिदा म्हणजे जन्म देणारी, आई. शिवाजीमहाराजांचा शिक्का संस्कृतात, आईचा फारसीत. त्या काळी कागदपत्रांची दरबारी भाषा फारसी होती, गावच्या पाटलापासून काझीपर्यंत सगळ्यांना असा शिक्का ओळखीचा होता, त्यामुळे यात विशेष काही नाही. विशेष आहे तो शब्द. कारण अगदी त्याच वर्षांत, हजारो मैलांवर इस्तंबूलमध्ये, उस्मानी सुलतानाच्या आईचं अधिकृत बिरुद होतं 'वालिदे सुलतान'. तीही नुसती कौतुकाची पदवी नव्हती. सुलतान अल्पवयीन असला की राज्य तीच चालवायची. सिंदखेडची लेक आणि इस्तंबूलची सुलताना यांना एकमेकींचा पत्ताही नसेल, पण दोघींच्या अधिकारावर शब्द एकच उमटलेला आहे. आई.

शिक्का नुसता शोभेचा नव्हता हे सांगायला हवं. जिजाबाईंच्या नावाने निघालेली इनामाची आणि निवाड्याची पत्रं उपलब्ध आहेत. १६६६ च्या मार्चमध्ये महाराज आग्र्याला निघाले, तेव्हा मागचा सगळा कारभार आईच्या हाती सोपवून गेले. मुलगा औरंगजेबाच्या कैदेत, नातूही त्याच्याबरोबर, आणि इथे राज्य बिनबोभाट चाललेलं. वयाची पासष्टी ओलांडलेली होती तेव्हा.

राहता राहिलं 'राजमाता'.

हा शब्द शुद्ध संस्कृत आणि फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या पदरच्या लोकांच्या वेतनाची यादी आहे. तिच्यात सगळ्यात वरच्या श्रेणीला ४८,००० पण दिले आहेत. त्या श्रेणीत आचार्य, मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज यांच्याबरोबर राजमाता आणि पट्टराणी आहेत. म्हणजे राजमाता हे पद होतं, पगारी पद. सेनापतीइतका पगार! (आपल्या घरातल्या मातांनी हे वाचू नये, नाहीतर थकबाकी मागतील.)

पण राजमाता व्हायला मुलगा रीतसर राजा हवा. रायगडावर राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ रोजी. जिजाबाई वारल्या १७ जून १६७४ रोजी, गडाखाली पाचाडला. तिथेच त्यांची समाधी आहे. मधले दिवस मोजा. अकरा. अभिषिक्त छत्रपतींची आई म्हणून जिजाबाई जगल्या त्या अवघे अकरा दिवस. शहात्तर वर्षांच्या आयुष्यातले अकरा दिवस, आणि आपण सगळ्यात जास्त वापरतो ते बिरुद तेवढ्या दिवसांचं.

राज्याभिषेकाच्या वेळी बिरुदांची मोठी उलथापालथ झाली होती. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव, सरनोबताचा सेनापती. फारसी शब्द काढून संस्कृत शब्द आले आणि त्यासाठी 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. पुरुषांची अशी आठ पदं नव्याने बारशाला बसली. आऊचं बारसं करायची गरज कोणालाच पडली नाही. ती आधीच मराठी होती.

संस्थानी काळात 'राजमाता' शब्दाला आणखी एक ठराविक अर्थ आला. राजा वारला, मुलगा गादीवर आला की महाराणीची राजमाता होते. ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे १९६१ साली जिवाजीराव वारल्यानंतर राजमाता म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या, जयपूरच्या गायत्रीदेवीही तशाच. १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले तरी लोकांनी शब्द सोडला नाही. इंग्लंडातही १९५२ नंतर जुन्या राणीला 'क्वीन मदर' म्हणत, तेच हे. म्हणजे या अर्थाने राजमाता म्हणजे विधवा झालेली राणी. जिजाबाईंच्या बाबतीत तेही खरंच आहे. शहाजीराजे जानेवारी १६६४ मध्ये कर्नाटकात होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून गेले. पण या अर्थाचा विचार करून कोणी घोषणा देत असेल असं वाटत नाही.

आणि 'वीरमाता'? त्याची कथा वेगळीच आहे. मुंबईत माटुंग्याला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या महोत्सवावरून नाव ठेवलेली 'व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट' होती, व्हीजेटीआय. १९९७ साली तिचं नाव 'वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट' झालं. आद्याक्षरं बघा, जशीच्या तशी राहिली! भायखळ्याची राणीची बागही पूर्वीची व्हिक्टोरिया गार्डन्स, आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तीही लोकांसाठी अजून राणीची बागच. व्हिक्टोरियाबाईंचं हिंदुस्थानातलं बिरुद होतं 'कैसर-इ-हिंद', १८७७ च्या दिल्ली दरबारात जाहीर झालेलं. कैसर म्हणजे रोमन सीझर. रोमचा सेनापती, इंग्लंडची राणी आणि सिंदखेडची लेक, अशी ही वरात मुंबईच्या एका फाटकातून आत गेली.

आता मला ज्यासाठी हे लिहावंसं वाटलं ते सांगतो.

ही सगळी बिरुदं ओळीने मांडली तर काय दिसतं? वालिदा, राजमाता, वीरमाता, जिजामाता. सगळीकडे आई. आणि बहुतेक ठिकाणी 'कोणाची' आई तेही सांगितलेलं. राजाची. वीराची. शिवाजीची. शिवाजीमहाराज जन्मले १९ फेब्रुवारी १६३० रोजी. म्हणजे आईच्या वयाची बत्तीस वर्षं तेव्हा होऊन गेली होती. त्या बत्तीस वर्षांना यातलं एकही बिरुद लागू होत नाही. आणि काय बत्तीस वर्षं होती ती! माहेर जाधवांचं, सासर भोसल्यांचं, आणि दोन्ही घराणी कधी एका बाजूला तर कधी समोरासमोर. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशाही दरबारात, लखुजीराजे दगा देऊन मारले गेले. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि रघुजी ही मुलं आणि यशवंतराव हा नातू. एका दिवसात बाप, दोन भाऊ आणि भाचा. जिजाबाई तेव्हा गरोदर होत्या. ती लखुजीराजांची भलीमोठी समाधी सिंदखेडला आहे. बघायला जाणारे तिचा आकार बघून थक्क होतात. मला तिथे उभं राहिलं की त्यांची दिवस गेलेली मुलगी आठवते. ही बातमी तिला कोणी सांगितली असेल, कोणत्या शब्दांत सांगितली असेल?

थोरला मुलगा संभाजी. तो शहाजीराजांबरोबर कर्नाटकात होता आणि कनकगिरीच्या लढाईत मारला गेला. त्याचीही आई जिजाबाईच. पण 'संभाजीची आई' अशी ओळख इतिहासाने दिली नाही. १६५७ साली नातू झाला त्याला तेच नाव आहे, आणि १६५९ मध्ये सईबाई गेल्यावर त्या नातवाला आजीनेच वाढवलं. पुढे त्याच संभाजीराजांनी बायकोला, येसूबाईंना, कारभारासाठी शिक्का दिला त्यावरची अक्षरं आहेत 'श्री सखी राज्ञी जयति'. आई नाही, मुलगी नाही. सखी आणि राज्ञी. मला नेहमी वाटतं की ज्याला आजीने वाढवलं त्यालाच हे सुचू शकतं.

म्हणून या सगळ्या शब्दांत मला 'आऊ' जवळचा वाटतो. राजमाता म्हणजे राजाची आई, तिथे बाकीच्यांनी हात जोडून उभं राहायचं. आऊ कोणाची ते शब्दात सांगितलेलंच नाही. मुलगा म्हणेल, सून म्हणेल, कारभारी म्हणेल, निवाडा मागायला आलेला कुणबीही म्हणेल. मुलाच्या राज्याभिषेकाची वाट बघावी लागत नाही आणि फर्मानही लागत नाही. इंग्रजीतल्या 'लेडी' शब्दाचा मूळ अर्थ 'पाव मळणारी' असा आहे, म्हणजे जिच्या हातचं घर खातं ती. 'क्वीन' म्हणजे मुळात नुसती 'बाई'. मोठमोठी बिरुदं खरवडली की खाली हेच निघतं, पीठ मळणारे हात आणि घर धरून ठेवणारी बाई. आऊला खरवडावं लागत नाही, एवढाच फरक.

आता घरच्या मंडळींसाठी थोडंसं. आपल्या घराण्याची वंशावळ काकांनी मागे लिहून काढली ती बहुतेकांकडे आहे. सात पिढ्या, सगळी नावं पुरुषांची. बायकांच्या रकान्यात 'अमक्याची माय', 'तमक्याची बाई', 'चिखलीकडची' असं आहे. आपल्याकडे अजून बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात. अरबीतही 'उम्म' लावून असंच म्हणतात, तेव्हा ही रीत जगभरची असावी. त्यात प्रेम असतं हे मला मान्य आहे. पण जिजाऊंच्या बिरुदात 'जिजा' टिकलं म्हणून आपल्याला त्या बत्तीस वर्षांची विचारपूस तरी करता येते. नाव नसतं तर नुसती माता उरली असती, मखरात बसवलेली.

पणजोबांच्या आईला सगळं गाव 'माय' म्हणायचं एवढं मी ऐकलंय. दुष्काळात तिने चुलीवरचं पातेलं कधी उतरवलं नाही, असंही ऐकलंय. वंशावळीत ती 'माय' एवढीच आहे. मेहकरकडच्या किंवा जालन्याकडच्या कोणा थोरल्या माणसाला तिचं माहेरचं किंवा सासरचं, कुठलंही नाव आठवत असेल, तर या दिवाळीच्या आत विचारून ठेवा आणि मला कळवा. नव्वदीच्या पुढची माणसं आता आपल्यात दोनच राहिली आहेत. 'माय' हे बिरुद तिच्याकडे आहेच. त्याच्या मागे लावायला एक नाव हवं आहे.